मराठवाड्याला रडार कशाला, म्हणे!

‘मराठवाडा रडारच्या कक्षेत आहे.’ हे वाक्य हल्ली इतक्या वेळा आणि इतक्या शांतपणे ऐकवलं जातं, की आपणच काहीतरी भलतं मागत आहोत असं ऐकणाऱ्याला वाटावं. नागपूरला रडार आहे, मुंबईला आहे, गोव्याला आहे, हैदराबादला आहे, सोलापूरलाही एक आहे. प्रत्येकाभोवती नकाशावर वर्तुळ काढा; वर्तुळं एकमेकांना भिडतात आणि मधे उरतो तो जरासा तुकडा. त्या तुकड्यासाठी एवढा गळा काढायचा? वर उपग्रह आहेत, महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र आहे, मोबाईलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ताही दारात उभी आहे. शिवाय मूळ मुद्दा असा की दुष्काळी मुलखात पाऊस पडतोच किती? आणि समजा, तासभर आधी कळलंच, तर शेतकरी काय उभं पीक उचलून माजघरात आणून ठेवणार?

असं बोलणारी माणसं अडाणी नसतात. बहुतेकांच्या हातात आकडे असतात, काहींच्या हातात नकाशाही असतो. त्यांच्या म्हणण्यात चुका तर आहेतच, पण जास्त चीड येते ती त्यातल्या निवांतपणाची. बीड, परभणी, नांदेड, हिंगोलीकडे पाहायला चांगलं साधन नाही, ही गोष्ट या मंडळींच्या लेखी जणू निसर्गाचीच व्यवस्था आहे.

आधी त्या वर्तुळांचा समाचार घेऊ, कारण सगळी भिस्त त्यांच्यावर आहे.

रडारचा किरण जवळपास सरळ जातो, पृथ्वी मात्र गोल आहे. त्यात किरण जमिनीला समांतर सोडता येत नाही. इमारती, टेकड्या, झाडं आड येतात, म्हणून तो साधारण अर्धा अंश वर उचलून सोडतात. याचा हिशोब शाळेतल्या भूमितीचा आहे. रडारपासून शंभर किलोमीटरवर किरणाचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. दीडशेवर अडीच किलोमीटरच्या पुढे, दोनशेवर चार आणि अडीचशेवर जवळजवळ सहा किलोमीटर. किरण जसा लांब जातो तसा पसरतही जातो. दोनशे किलोमीटरवर त्याची जाडी साडेतीन किलोमीटरच्या आसपास होते. म्हणजे तिथे रडार जे ‘पाहतं’ ते साडेतीन किलोमीटर जाडीच्या थराची सरासरी असते, आणि तो थर लोकांच्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंच असतो.

आता अंतरं मोजा. हैदराबादपासून लातूर आणि नांदेड, दोन्ही सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. किरणाचा मध्य तिथे पाच किलोमीटरवर. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याचं बर्फ होण्याची पातळीही साधारण तिथेच असते. म्हणजे हैदराबादच्या रडारला लातूरवर दिसतात ते वितळू घातलेले हिमकण आणि त्यांच्यावरचा बर्फ. त्यावरून खाली औशात किती पाऊस पडतोय ते ठरवायचं! नागपूरहून नांदेड सरळ रेषेत तीनशेच्या घरात, लातूर चारशे आणि बीड त्याहून लांब. मुंबईहून बीड तीनशेच्या पुढे, आणि मधे सह्याद्री आडवा. कुलाब्याहून निघालेल्या किरणाचा खालचा भाग त्या डोंगरांवरच आपटतो. एवढं होऊन नकाशावरचं वर्तुळ कुठेही तुटत नाही, कारण वर्तुळ कंपासनं काढलेलं असतं आणि कंपासला डोंगर लागत नाहीत.

यावर एक चतुर उत्तर येतं. विजांचे ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतात, ते लांबूनही दिसतात. दिसतात ना. ढग आहे एवढं कळतं. पण त्याच्या पोटाखाली काय चाललंय, गारा जमिनीपर्यंत पोचताहेत की वाटेतच वितळताहेत, ढग कोसळून जमिनीलगत सुटलेला वारा कोणत्या गावाकडे निघाला, हे कुठून कळणार? आणि सगळा नुकसानीचा पाऊस काही उंच ढगांतून पडत नाही. कमी उंचीच्या ढगांतून रात्रभर संततधार लागते, ओढे भरतात, आणि किरण त्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातो. रडारच्या चित्रात तेव्हा आकाश स्वच्छ असतं.

मग सोलापूर पुढे केलं जातं. तर सोलापूरचं रडार पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, ढगांवरच्या प्रयोगासाठी आणलं. ते चांगलंच झालं, आणि लातूर-धाराशिवला त्याचा उपयोग होतो म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. पण बीड तिथून दीडशे किलोमीटर, परभणी दोनशे, नांदेड त्याहून पुढे, हिंगोली अडीचशेच्याही पलीकडे. पुन्हा तीच भूमिती. त्यात ते सी-बँडचं. या लहरी मोठ्या पावसातून जाताना क्षीण होतात. लातूरवर ढग कोसळत असेल तर त्यामागे नांदेडकडे काय चाललंय ते अंधुकच दिसणार. नेमकी गरज असते त्याच रात्री.

या प्रयोगाच्या निमित्तानं एक जुनी गोष्ट आठवते, आणि ती सोडून पुढे जाणं मला जमणार नाही. मराठवाड्यात रडार कधी आलंच नाही असं नाही. २०१५ साली आलं, २०१९ साली आलं. औरंगाबादला विभागीय आयुक्त कार्यालयाच्या गच्चीवर ते बसवलं होतं. कशासाठी? कृत्रिम पावसासाठी! कोणत्या ढगात मीठ फवारायचं ते विमानाला सांगायला रडार लागतं. २०१९च्या त्या प्रयोगासाठी राज्य मंत्रिमंडळानं ३० कोटी रुपये मंजूर केले होते. हंगाम संपला, विमान गेलं, रडारचंही काम संपलं. म्हणजे नसलेला पाऊस पाडायचा तेव्हा रडार अत्यावश्यक; असलेला पाऊस अंगावर येतो तेव्हा ‘कक्षेत आहात की’! तेव्हा जागा मिळाली, वीज मिळाली, परवानग्या मिळाल्या, गच्चीसुद्धा मिळाली. पुढे म्हैसमाळच्या डोंगरावर कायमचं रडार बसणार, या बातम्या मराठवाड्यानं वाचल्या. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच. जागा उत्तम, यात शंका नाही. पण गच्चीवरचं रडार एका हंगामात उभं राहतं आणि डोंगरावरच्या रडारचं घोडं वर्षानुवर्षं अडून राहतं, यामागे कोणतं शास्त्र आहे?

बरं, उपग्रह. इन्सॅट-३डी मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र देतात, दोन उपग्रह आळीपाळीनं वापरले तर पंधरा मिनिटांनी. ते छत्तीस हजार किलोमीटरवरून पाहतात आणि त्यांना दिसतो ढगाचा माथा. माथा थंड म्हणजे ढग उंच, ढग उंच म्हणजे पाऊस असावा, असा तो तर्क. समुद्रावरच्या चक्रीवादळासाठी हे अमोल आहे. केजला पाऊस आहे आणि अंबाजोगाईला नाही, हे त्यातून निघत नाही.

स्वयंचलित केंद्रांचं कौतुक मीही करतो. ‘महावेध’खाली राज्यात दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली, महसूल मंडळागणिक एक. पण पर्जन्यमापक पडलेला पाऊस मोजतो, येणारा नाही. आणि जिथे पडला तिथलाच मोजतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७३. एका शहराची ही कथा, तर पंधरा-वीस गावांच्या मंडळाची काय असेल? चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर ती अतिवृष्टी, असा निकष. मापक मंडळाच्या गावी, ढग कोसळला सात-आठ किलोमीटरवरच्या शिवारात. बांध फुटले, माती खरवडून गेली, तुरीच्या मुळ्या उघड्या पडल्या. सकाळी तलाठी येतात, पाहतात, हळहळतातही. मग म्हणतात, ‘तुमच्या मंडळात बावन्नच मिलिमीटर आहे, दादा.’ शेतकरी गुडघाभर चिखलात उभा राहून विचारतो, मग हे काय आहे? त्याला उत्तर नाही, कारण दोन मापकांच्या मधे काय घडलं याची साक्ष द्यायला कुणीच नाही. जवळचं रडार ही साक्ष देऊ शकतं. मापकांची नोंद आणि रडारचं चित्र एकमेकांवर घासून पाहिलं की मधल्या गावांत किती पडला असेल याचा बऱ्यापैकी अंदाज निघतो. तेव्हा रडार आधी सावध करण्यापुरतंच लागतं असं नाही. नंतरच्या पंचनाम्यातही लागतं. हे सरकारच्या तिजोरीला परवडणारं सत्य आहे की नाही, ते मी सांगू शकत नाही.

‘दामिनी’ही चांगली. वीज पडायला लागली की आसपासच्या माणसाला सावध करते. पण त्यासाठी हातात चालू मोबाईल हवा, शिवारात रेंज हवी आणि ढगात विजा सुरू झालेल्या हव्यात. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. शिवारात झाडाखाली थांबलेल्यांना घड्याळातली वीस मिनिटं जास्तीची मिळणं म्हणजे काय, हे वातानुकूलित खोलीत बसून समजणं कठीणच.

राहिलं प्रारूप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. मे २०२५मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली, सहा किलोमीटरच्या चौकटीची. पुण्यातल्या शास्त्रज्ञांचं हे काम खरोखर मोठं आहे. पण प्रारूपाला सुरुवात कुठून करायची ते निरीक्षणांनीच सांगावं लागतं. आत्ता हवेत काय आहे हे ज्याला धड ठाऊक नाही, तो दोन तासांनी काय होईल ते कितीही वेगानं मोजो, चुकीचंच वेगानं मोजणार. कृत्रिम बुद्धिमत्तेचं तर विचारूच नका. पुढच्या तासाभराचा पाऊस सांगायला जी यंत्रं शिकवली जातात, ती वर्षानुवर्षांच्या रडार चित्रांवर शिकवली जातात. ज्या भागाची चित्रंच नाहीत तिथे ती काय शिकणार? रडारला पर्याय म्हणून जे सुचवलं जातं, त्याला आधी रडारच लागतं.

या अंधारातून जे बाहेर पडतं ते आपल्या मोबाईलवर येतं. ‘येत्या तीन तासांत बीड, परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.’ एकटा बीड जिल्हा दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा. पाटोद्यापासून परळीपर्यंत अकरा तालुके. यातलं ‘तुरळक ठिकाण’ म्हणजे माझं रान की शंभर किलोमीटरवरचं कुणाचं? असा संदेश हंगामात पुन्हा पुन्हा आला आणि निम्म्या वेळा ऊन पडलं, की माणूस तो वाचणं सोडतो. मग हवामान खात्यावर विनोद होतात आणि शिवाराचे कान यूट्यूबवरच्या अंदाजवाल्यांकडे वळतात. ते निदान तारीख आणि तालुका ठामपणे सांगतात. खरं ठरो न ठरो. खात्याला नावं ठेवायला मीही कमी करत नाही, पण मुंबईच्या अधिकाऱ्याला दर दहा मिनिटांनी ताजं चित्र द्यायचं, मराठवाड्याचा अंदाज देणाऱ्याला चष्म्याशिवाय बसवायचं आणि वर म्हणायचं की याला वाचता येत नाही, हा कुठला न्याय?

‘पाऊस पडतोच किती’ हा मुद्दा खरं तर उत्तराच्या लायकीचा नाही, पण तोच सर्वांत जास्त ऐकू येतो. वर्षाची सरासरी कमी म्हणजे पडतो तेव्हाही कमी पडतो, हे कुणी सांगितलं? उलट चार महिन्यांचा पाऊस मोजक्या दिवसांत पडतो, म्हणूनच तर सरासरी फसवी. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट आठवा. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षं, मोसंबी; मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत शिवारंच्या शिवारं झोडपून निघाली. १८ ऑगस्ट २०२५च्या पहाटे मुखेड तालुक्यात हसनाळ आणि शेजारची गावं पाण्याखाली गेली, लष्कराला बोलवावं लागलं. त्या रात्री मुक्रमाबादला २०६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथल्या लेंडी धरणाचं पाणी आणि पुनर्वसन हा वेगळा आणि गंभीर वाद आहे, तो रडारच्या माथी मारून कुणी सुटू नये. पण वर उदगीरच्या बाजूला, सीमेपलीकडे कर्नाटकात रात्रभर काय कोसळत होतं, ते पाहायला जवळून एक डोळा असता तर खालच्या गावांना काही वेळ मिळाला असता की नाही? महिन्याभरानं, सप्टेंबरात, धाराशिव, बीड, सोलापुरात सीनाकाठ वाहून गेला. ऑक्टोबरात राज्यानं ३१ हजार कोटींच्या वर मदतीचं पॅकेज जाहीर केलं. दुष्काळी मुलूख, नाही का?

आणि ‘कळून तरी काय करणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्यानं सोयाबीनच्या सुगीत एक दिवस शिवारात काढावा. सोयाबीन कापून पसरलेलं असतं, मळणीयंत्राचा नंबर उद्याचा असतो. पाऊण तास मिळाला तर घरची चार माणसं पसर गोळा करून गंज लावतात आणि ताडपत्री टाकून कडेनं दगड ठेवतात. नाही मिळाला तर दाण्याला कोंब फुटतात, आणि मोंढ्यात तोच माल ‘डागी’ म्हणून निम्म्या भावात जातो. नदीकाठची मोटर वर काढायला तासभर पुरतो. फवारणी थांबवली तर औषधाचे पैसे वाचतात. माळावर मेंढरं घेऊन बसलेल्या धनगराला गारांआधी आडोसा गाठता येतो. ऊसतोड कामगार ओढ्याकाठच्या कोपीतून लेकरं उचलू शकतो. शाळेची गाडी पुलाच्या अलीकडे थांबू शकते. उभं पीक उचलता येत नाही हे शेतकऱ्यालाही कळतं. जे उचलता येतं ते उचलायला वेळ द्या, एवढंच तो म्हणतो. मुंबईत पाणी भरणार कळल्यावर माणूस इमारत उचलून नेतो का? तो घरी लवकर निघतो. मग तिथे हा प्रश्न का विचारत नाहीत?

मुंबईचं नाव निघालं की लगेच, ‘रडारं असून ती बुडतेच ना!’ बुडते, कारण रडार म्हणजे नाला नव्हे. कुलाब्याला एक, वेरावलीला दुसरं, शिवाय महानगर परिसरासाठी चार छोट्या एक्स-बँड रडारची योजना. ही मुंबईला मिळाली म्हणून माझं पोट दुखत नाही. कोट्यवधी माणसांच्या शहराला ती हवीतच. पण ज्यांना ही छोटी रडारं एका महानगरात दाट पेरणं शहाणपणाचं वाटतं, त्यांनाच आठ जिल्ह्यांत दोन-तीन मागितली की चैन कशी वाटते?

अमेरिकेचा दाखला तर हमखास. तिथे दीडशेहून अधिक मोठी रडारं आहेत आणि तरी फटी आहेत. खरं आहे. पण त्या फटींबद्दल तिथे संसदेनं कायद्यानं अहवाल मागवला, आणि डॅलस-फोर्ट वर्थच्या भागात खालचा थर पाहायला छोट्या रडारचं जाळं उभं राहिलं. फट आहे हे आधी कबूल केलं म्हणून हे झालं. आपल्याकडे फट कंपासनं झाकली जाते.

पैसे नाहीत, असं आता कुणी म्हणू नये. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रानं ‘मिशन मौसम’ला दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. २०१३-१४च्या सुमारास पंधराच्या आसपास असलेली देशातली डॉप्लर रडारं चाळिसाच्या वर गेली. २०१३च्या केदारनाथच्या प्रलयानंतर उत्तराखंडात मुक्तेश्वरला पहिलं रडार सुरू व्हायला २०२१ उजाडलं. मराठवाड्याच्या मागणीमागे उभं राहायलाही तेवढ्याच प्रेतांची वाट पाहायची आहे का?

मागणी साधी आहे. म्हैसमाळला एक, आणि पूर्वेकडे नांदेड-हिंगोलीच्या बाजूला एक. ती चालवायला माणसं, वीज गेली तर जनरेटर, बिघडलं तर सुट्या भागांचा करार. आणि तोवर, ‘कक्षेत’ हा शब्द वापरायचा तर प्रत्येक तालुक्यापुढे किरणाची उंची छापा. पुढच्या वेळी तुमच्या खासदारांनी, आमदारांनी किंवा दूरचित्रवाणीवरच्या तज्ज्ञांनी ‘तुमचा जिल्हा रडारच्या कक्षेत आहे’ असं सांगितलं, तर वाद घालू नका. एवढंच विचारा, ‘किती किलोमीटर उंचीवर?’ आणि आकडा मिळाल्याशिवाय जागचं उठू नका.